माकडं तुमची, पाखरू आमचं

ताइतुंग, डोंगरावरून
९ जुलै १९९४

मेइयिन,

इथे सगळं ठीक आहे, असं आधीच लिहून टाकते. म्हणजे पुढे गाऱ्हाणी मांडायला मी मोकळी.

आमच्या दोन महिन्यांच्या पाळीसाठी मामंजी रविवारी दुपारच्या गाडीने पोचले. भावजींनी त्यांना काओश्युंगला गाडीत बसवून दिलं ते बरं केलं, पण शेजारच्या बाईला ‘लक्ष ठेवा हं’ म्हणून सांगायची काय गरज होती? ती बिचारी स्टेशनावर खाली उतरली आणि मामंजींचा हात माझ्या हातात देऊन गेली. हरवलेलं पोर चौकीत जमा करतात ना, तसं. मामंजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दुसऱ्या हातात पिंजरा, त्यावर निळा कपडा. मी पिंजरा घ्यायला गेले तर नेहमीसारखं ‘राहू दे, त्याला तुझा हात नको’ म्हणाले नाहीत. सरळ देऊन टाकला. मला जरा चमत्कारिकच वाटलं.

सीताफळं भरायला लागली आहेत आणि माकडं आमच्याआधी हजर. त्यांना मारायला बंदीचा कायदा झाल्यापासून त्यांचा भाव असा काही वाढलाय की विचारू नकोस. पूर्वी बंदुकीचा नुसता बार काढला तरी डोंगर रिकामा व्हायचा. आता फटाका लावला तर ती मान वळवून बघतात, कोणाकडे लग्न आहे म्हणून. एक फळ नीट खातील तर शपथ. एक चावा घ्यायचा, फेकायचं, दुसरं तोडायचं. तू म्हणशील, ताईंचं आपलं नेहमीचंच. पण तुझ्या वाट्याला पाखरू आलंय बाई. सकाळी अंड्याचा बलक घालून राळा दिला, चार नाकतोडे टाकले, कपडा काढला की ते गाणार. माझ्या वाट्याला बारा महिने ही टोळी. कधीतरी अदलाबदल कर, म्हणजे कळेल.

आता खरं सांगायचं ते. आल्यापासून मामंजी पाखराबद्दल एकच धरून बसलेत, “हा माझा आहुआ नाही.” परवा जेवताना म्हणाले. काल मायावच्या देखत म्हणाले. तो वरच्या वस्तीवरचा, माणूस भला, पण इकडचं तिकडे करायला त्याला वेळ लागत नाही. मी म्हटलं, “मामंजी, पिंजरा तुमचा, कपडा तुमचा, आत दुसरं कोण येऊन बसणार?” तर म्हणतात, “तेच तर मी विचारतोय.”

तुमच्याकडे असताना असं काही बोलले होते का? लिहून कळव. फोन खालच्या दुकानातला, तिथे उभं राहून बोललं की सांजेपर्यंत सगळ्या घाटाला कळतं.

युएताओ

•

काओश्युंग
१७ जुलै

ताई,

तुमचं पत्र मिळालं. मामंजी नीट पोचले हे वाचून जीव भांड्यात पडला. यांनी त्या बाईंना सांगितलं ते माझ्याच म्हणण्यावरून. रागावू नका. आता बोगद्यांची गाडी आहे, मामंजींना भलत्याच ठिकाणी उतरायची घाई होईल असं मला वाटलं.

पाखराचं म्हणाल तर हे दिवस पिसं झडायचे. पिसं झडताना हुआमेइ जातीच्या पाखराचा गळा बसतो, सूर बदलतो, कधी कधी गाणं बंदही होतं. पक्ष्यांच्या दुकानातला माणूस तसंच सांगत होता. मामंजींना तेच वाटत असेल. तुम्ही मनावर घेऊ नका, आणि त्यांच्याशी वादही घालू नका.

अदलाबदलीचं म्हणता, तर माझी तयारी आहे. तुमची माकडं निदान तुमच्या झोपायच्या खोलीत येत नाहीत. आमच्याकडे दोन खोल्या, त्यांतली एक मामंजींची आणि पिंजऱ्याची. मुलीची परीक्षा, तिला पाठांतराला जागा नाही. माझं शिलाईचं यंत्र स्वयंपाकघरात. हे ट्रक घेऊन गेले की चार-चार दिवस येत नाहीत. पाखराला नाकतोडे लागतात, ते पकडायला कोण जातं असं तुम्हाला वाटलं? कालव्याच्या काठी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, हातात जाळी घेऊन मी. मुलं हसतात.

जाऊ दे. तुम्हाला बरी आहे असंच कळवायचं होतं.

एक विनंती. उन्हात मामंजींना लांब एकटं जाऊ देऊ नका. यंदा त्यांना ऊन फार बाधतंय.

मेइयिन

•

ताइतुंग
६ ऑगस्ट

मेइयिन,

वादळ येऊन गेलं. खालच्या बागेतली सात-आठ झाडं आडवी झाली, घराचा पत्रा उडाला तो मायावच्या मक्यात सापडला. माणसं धडधाकट आहेत. उद्यापासून भुतांचा महिना लागतो, म्हणून आज दिवसभर भटकणाऱ्या भुतांसाठी दारात मांडायचं खायचं सामान करत बसले आणि आता पाय ओढवत नाहीयेत. तरी लिहिते, कारण कोणाजवळ तरी बोलायला हवंय.

मामंजींनी पिंजऱ्यावरचा कपडा काढणंच सोडून दिलं. मी काढते, मी खायला घालते. ते पाठ करून बसतात. मी म्हटलं, “त्याने तुमचं काय बिघडवलंय?” तर म्हणाले, “काही नाही. पाहुणा आहे. पण माझा कोणी नाही.” आमचे हे त्यावर भडकले. बापलेकांचं चांगलंच वाजलं. हे म्हणाले, “बाबा, पाच वर्षं सांभाळलेलं पाखरू तुम्हाला ओळखू येत नाही, उद्या मला ओळखणार नाही.” मामंजी शांतपणे म्हणाले, “तुला विसरणं अवघड आहे, फूशेंग. तू फार ओरडतोस.”

मला हसू आलं, पण यांना नाही आलं. हे आता सारखे शहरातल्या त्या वृद्धाश्रमाचं बोलतात. तिथे यांच्या मित्राची आई आहे. स्वच्छ आहे म्हणे, डॉक्टर येतो, दिवसाला तीनदा खायला देतात. मी म्हटलं, खायला माकडांनाही मिळतं. पण मेइयिन, खरं सांगू? मी फार जोरात नाही म्हटलं नाही. फळं उतरायच्या दिवसांत पहाटेपासून उभी असते, कंबर रात्री सरळ होत नाही, आणि त्यात यांची भांडणं. कधी कधी वाटतं, नेऊन ठेवावं आणि एक आठवडा नुसतं पडून राहावं.

मामंजी मात्र बागेत रमतात. दिवसभर डबा वाजवत माकडांवर पहारा. वाजवतात कमी, बघत बसतात जास्त. त्यांना एकेक माकड ओळखू येतं. तुटक्या कानाची म्हातारी ही सगळ्यांची आजी. तिच्या मुली, मुलींच्या मुली, सगळ्या जन्मभर आईच्या टोळीतच. मुलगे वयात आले की घराबाहेर. ते दुसऱ्या टोळीत जाऊन घरजावई होतात.

मी म्हटलं, “म्हणजे माकडांत जावा-जावा नसतातच की!”

“नसतात,” म्हणाले. “म्हणून तर एवढ्या निवांत खातात.”

मग मी विचारलं, “आणि तुमच्या हुआमेइचं कसं असतं?”

“त्यांच्यात नर-मादी दोघं मिळून पिल्लांना भरवतात. माकडाचा बाप ढुंकून बघत नाही, पण हुआमेइचा बाप उन्हातान्हात किडे आणून झिजतो. आणि पिल्लू एकदा उडालं की संपलं. त्याला बाप आठवत नाही, बापाला ते.”

“मग आपण कोणात बसतो, मामंजी?”

“आपलं काही धड नाही, पोरी. आपली पोरं उडूनही जातात आणि वर बापाच्या पाळ्याही लावतात.”

मी आत जाऊन भात लावला.

वृद्धाश्रमाबद्दल भावजींचं काय मत, ते कळव. हे म्हणतात, दोघांनी मिळून ठरवायचं.

युएताओ

•

काओश्युंग
१४ ऑगस्ट

ताई,

वृद्धाश्रमाचं नका ठरवू. हात जोडते. पाखराबद्दलच्या एवढ्याशा बोलण्यावरून तर मुळीच नको.

यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. घरी आलेच दोनदा, आणि दोन्ही वेळा झोपून उठून गेले.

पाळी बदलायला अजून पंधरा-वीस दिवस आहेत. तुम्हाला फार जड होत असेल तर आधीच पाठवा, असं लिहायला हवं, हे मला कळतं. पण तसं लिहायला हात धजत नाही. माझे डोळे सुईत दोरा ओवताना आता पाणावतात. डॉक्टरने सांगितलं, झोप घ्या. मी हसले. तुम्हीही हसाल.

तुमच्याकडे मामंजी बोलतात. आमच्याकडे शेवटी शेवटी दोन-दोन दिवस एक शब्द नाही. माकडांवर का होईना, बोलतात, हे चांगलं आहे. त्यांना बोलू द्या.

आणि बागेत कोणीतरी सोबत असू द्या. मागेही लिहिलं होतं.

मेइयिन

•

ताइतुंग
२ सप्टेंबर

मेइयिन,

आज मी तुला सरळ विचारणार आहे. तूही सरळ उत्तर दे.

गेल्या आठवड्यात मामंजी म्हणाले, “तुटक्या कानाची आज आली नाही. तिच्या मुली ओढ्याकडे सारख्या बघत होत्या.” हे म्हणाले, झालं सुरू. मीही कानाआड केलं. दुसऱ्या दिवशी मायाव आला आणि सांगायला लागला, ओढ्याच्या कपारीत एक म्हातारी माकडीण मरून पडलीय, एक कान फाटका. मी हातातलं सूप खाली ठेवलं. मेइयिन, तीसेक माकडांतली एक आली नाही हे ज्या माणसाला कळतं, त्याला पाच वर्षांचं स्वतःचं पाखरू कळणार नाही?

मग मी सगळी कामं सोडून पिंजऱ्याजवळ बसले. असं आहे बघ, माकडं सगळी एकाच घशाची. ओरडताना ऐकलं तर आजी कोण आणि नात कोण, मला जन्मात सांगता येणार नाही. चेहऱ्यावरून मात्र पाच-सहा जणी आता मलाही ओळखू येतात. पाखरांचं उलटं. दिसायला सगळी तपकिरी, मुठीएवढी. पण गाणं ज्याचं त्याचं. आहुआ शेवटी एक शीळ घालायचा, किटलीला वाफ धरते तशी, खालून वर चढत जाणारी. त्या शिळेने पाच वर्षं माझी झोप मोडलीय, मी ती विसरेन होय? हा पक्षी गोड गातो. पिसं झडून झाली, गळा मोकळा झालाय. शीळ घालत नाही. एकदाही नाही. उलट हल्ली माकडांची ‘कू’ शिकलाय. तो ‘कू’ करतो आणि आमचा कुत्रा बागेकडे धावतो.

हा आहुआ नाही. मामंजी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते.

तुझ्या हातून पाखरू मेलं असेल. माणसाच्या हातून होतं. पण तू दुसरं आणून ठेवलंस आणि गप्प बसलीस. इथे त्यांना पोटचा मुलगा भ्रमिष्ट म्हणाला, मी डॉक्टरकडे न्यायला निघाले, वृद्धाश्रमाची खोली बघून आले. हो, बघून आले. आणि तू मला पिसं झडण्याच्या गोष्टी लिहीत होतीस. सासऱ्याला वेडं ठरवलेलं चाललं तुला, पण माझ्या हातून झालं, एवढं म्हणवलं नाही!

यांना मी बजावलं आहे, वृद्धाश्रमाचं नाव या घरात काढायचं नाही. मामंजींचं डोकं तुमच्या-आमच्यापेक्षा ठिकाणावर आहे. त्यांना आता वरची बाग दिली आहे. सकाळी डबा, पाणी, भात घेऊन एकटे जातात, दुपार कलली की येतात. किती खूश आहेत म्हणून सांगू. पाळी संपली हे मला माहीत आहे, पण त्यांना तुझ्याकडे पाठवायला माझं मन होत नाही.

युएताओ

•

काओश्युंग
८ सप्टेंबर

ताई,

तुमचं पत्र आत्ता मिळालं. आधी एक करा. मामंजींना वरच्या बागेतून खाली आणा. हे वाचून झाल्यावर नको, आधी आणा. मी खालच्या दुकानात दोनदा फोन केला. वादळापासून लाईन नीट नाही म्हणतात. म्हणून हे जलद टपालाने.

आहुआ माझ्या हातून मेला नाही.

जूनमधली गोष्ट. मामंजी रोजच्यासारखे पिंजरा घेऊन इथल्या सार्वजनिक बागेत गेले. तिथे वडाला सगळे म्हातारे आपापले पिंजरे टांगतात, चहा पितात, दहाच्या आत घरी येतात. त्या दिवशी बारा वाजले तरी आले नाहीत. मी शिवण टाकून धावले. वडाखाली कोणी नव्हतं. मासळीबाजारामागच्या मोकळ्या जागेत, एका खांबाच्या खिळ्याला पिंजरा लटकत होता. वर कपडा नाही, भर ऊन, पाण्याची वाटी कोरडी. आहुआ तळाशी पडला होता. चोच उघडी.

मामंजी कुठेच दिसेनात. मी त्यांना शोधत बसस्टँडपर्यंत गेले. बाकावर बसले होते. मला बघून उठले, टोपी काढली आणि म्हणाले, “बाई, डोंगराकडची गाडी कुठून सुटते हो?” ताई, सुनेला बाई म्हणाले. मी म्हटलं, “चला, मी दाखवते.” पाकीट मी घरीच विसरले होते, म्हणून त्यांना धरून चालत घरी आणलं. वाटेत माझ्या चपलेचा पट्टा तुटला. एका हातात मामंजी, एका हातात पिंजरा. घरी आल्यावर ते झोपले, आणि उठल्यावर विचारलं, “आहुआला खायला घातलंस का?” त्यांना त्यातलं काहीही आठवत नव्हतं.

काय सांगणार होते मी? तुमचा आहुआ मेला. कसा मेला? तुम्ही उन्हात टांगून विसरलात. हे त्यांना सांगायचं होतं मी?

तेव्हा संध्याकाळी पक्ष्यांच्या दुकानात गेले. परदेशातून येतात त्या हुआमेइंच्या डोळ्यांवर पांढरी भुवई असते. तसा चालणार नव्हता. आपल्या डोंगरातला, बिनभुवईचा हवा होता, आणि तो विकायला आता बंदी. दुकानदाराने तीन वेळा नाही म्हटलं. मी तिथेच बसून राहिले. शेवटी त्याने मागच्या खोलीतून आणून दिला. सकाळी मामंजींनी कपडा काढला, पाखरू गायलं, आणि ते दिवसभर काही बोलले नाहीत. मला वाटलं, निभावलं.

तुम्हाला का नाही लिहिलं, तेही सांगते. मामंजींची चूकभूल होते असं कळलं असतं तर मोठ्या भावजींनी त्यांना डोंगरावर घ्यायला नकार दिला असता. उतार, ओढे, कोण लक्ष ठेवणार, असं म्हटलं असतं. आणि बरोबरच म्हटलं असतं. पण मला ते दोन महिने हवे होते. झोपायला. जूनभर मी दाराला खुर्ची लावून, खुर्चीला पाठ लावून झोपत होते. म्हणून पाठवलं त्यांना, आणि गप्प बसले. याबद्दल काय बोलायचं ते बोला.

ते खरं बोलत होते, आणि ते विसरतातही. दोन्ही आहे, ताई. पाखरू त्यांना कळलं. घरचा रस्ता कळत नाही.

त्यांना एकटं सोडू नका.

मेइयिन

•

ताइतुंग
१५ सप्टेंबर

मेइयिन,

दरड आली म्हणून टपाल अडलं होतं. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. मामंजी रविवारीच गेले होते.

घाबरू नकोस, जिवंत आहेत. खुब्याचं हाड मोडलंय. शहरातल्या इस्पितळात आहेत. मी त्यांच्या खाटेजवळ बसून लिहितेय, म्हणून अक्षर असं.

रविवारी दुपार कलली तरी आले नाहीत. मी वर गेले तर डबा झाडाला टेकवलेला, भात तसाच, माकडं आरामात बसून सीताफळं खात होती. हाका मारल्या. हे धावले, मायाव त्याची माणसं घेऊन आला. भुतांचा महिना नुकताच सरलेला, एरवी ओढ्यात उतरायला कोणी तयार होत नाही, पण सगळे उतरले. उजेड होता तोवर मायावलाच दिसले. ओढ्याच्या वरच्या अंगाला, बांबूच्या बेटाशी, एका दगडाला टेकून बसलेले. पाय वाकडा पडलेला. मायाव म्हणाला, “आजोबा, इकडे कशाला आलात?” तर तोंडावर बोट ठेवून म्हणाले, “गप. गातोय तो.”

त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं. वेदनेने तोंड पांढरं पडलं होतं, पण मला बघितल्यावर हसले. म्हणाले, “युएताओ, आहुआ वर आहे. तिथे बांबूत. शेवटी शीळ घालतो अजून.” आहुआला पिल्लू असताना त्यांनी त्याच ओढ्यातून आणलं होतं, हे यांनी मला नंतर सांगितलं. तिथले सगळेच तशी शीळ घालत असतील, बापाकडून उचललेली. मला ठाऊक नाही. मी आजवर त्या बाजूला कान दिलाच नव्हता.

आमचे हे चार दिवस इस्पितळाच्या पायरीवर बसून आहेत, ओरडत नाहीत. मामंजींना वर एकटं मी पाठवलं, यांनी नाही. ते यांनी अजून बोलून दाखवलं नाही, त्याचाच मला जास्त त्रास होतो.

तुझं पत्र मी इथे वाचलं, तीनदा. मागच्या पत्रात मी लिहिलं ते लिहिलं, आता खोडता येत नाही. तू दोनदा लिहिलं होतंस, सोबत असू द्या म्हणून. मी वाचलं आणि मनात म्हटलं, शहरातल्या बाईला उन्हाची काय भीती. पण तूही कारण लिहायला हवं होतंस गं. आपण दोघींनी एकमेकींना किती पत्रं लिहिली, आणि त्यात माकडं किती, पाखरू किती.

डॉक्टर म्हणतात, आता गाडीचा प्रवास नाही. म्हणजे पाळ्या संपल्या. मामंजी इथेच राहतील. वृद्धाश्रम नाही, यांनीच सांगितलं. पण अंथरुणातल्या माणसाला उचलणं-बसवणं माझ्या एकटीच्या कंबरेला होणार नाही. तू ये. मुलीची परीक्षा झाली की ये. यंत्र बंद ठेव, दाराला कुलूप लाव आणि ये. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही समोर येऊन दे. चंद्राच्या सणाला पपनसं मी आणून ठेवते, सोलायला कोणी नाही.

युएताओ

•

काओश्युंग
९ ऑक्टोबर

ताई,

काल रात्री घरी पोचले. यंत्रावर धूळ, सिंकमध्ये यांनी ठेवलेली भांडी, मुलीने केलेला करपलेला भात. तरी बरं वाटलं. तुम्ही बांधून दिलेली सीताफळं गाडीतच पिकली, डबाभर वास. शेजारच्या प्रवाशांनी मागून खाल्ली.

पुढच्या महिन्यात पंधरा तारखेच्या सुमाराला पुन्हा येते. येताना ते जाड रबरी कापड आणि पाठीला लावायची पावडर आणते, तिथे मिळत नाही. तुम्ही त्यांना एकट्या कुशीवर वळवू नका, मायावच्या बायकोला हाक मारत जा. ती येते म्हणाली आहे. मोठ्या भावजींना रात्रीची एक फेरी करायला लावा. त्यांना जमतं, मी बघितलंय. फक्त सांगावं लागतं.

पिंजरा मी मुद्दाम ठेवून आले. त्या पाखराचा काही अपराध नाही. तुमच्या अंगणात त्याला माकडं ऐकू येतात, करमतं त्याला.

एक गोष्ट तिथे बोलले नाही, ती लिहिते. समोर बोलले असते तर आपण दोघी रडत बसलो असतो आणि दूध उतू गेलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही बागेत फळं उतरवत होता. मी मामंजींचे पाय पुसत होते. माझ्या मनात आलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही. मी सगळं सांगितलं. बागेतला वड, मासळीबाजारामागचा खांब, कोरडी वाटी. आहुआ मेला, मामंजी, मीच दुसरा आणून ठेवला. तुम्ही बरोबर होता.

ते छताकडे बघत ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, “कोण मेला? आहुआ वर बांबूत आहे. मी ऐकलाय.”

मी म्हटलं, “बरं.”

मी पाय पुसायला लागले. मला वाटलं, झोप लागली. तर डोळे न उघडताच विचारलं, “मग त्या स्टँडवरून मला घरी कोणी आणलं?”

“मी आणलं.”

“बसने?”

“नाही, चालत. पाकीट विसरले होते.”

“एवढ्या उन्हात? चपलेशिवाय?”

चपलेचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं, ताई. मी हो म्हटलं.

त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला. नीट उचलता आला नाही. माझ्या मनगटावर ठेवला तेवढाच.

“दमली असशील, पोरी,” म्हणाले.

सकाळी निघताना त्यांनी तुम्हाला विचारलेलं तुम्ही ऐकलंत, ‘ही बाई कोण?’ तुम्ही माझ्याकडे किती कानकोंड्या होऊन बघितलंत. मला काही वाटलं नव्हतं, हे सांगायला हे पत्र. काल गाडीत मी पहिल्या बोगद्यापासून झोपले ते काओश्युंग येईपर्यंत. शेजारच्या बाईने उठवलं.

मेइयिन